पान्याला जोर किती द्यावा?

हँडलला दुधाच्या दोन किटल्या, मागे कॅरियरवर पेंडीचे पोते आणि शाळेच्या दिवसांत पुढच्या नळीवर एखादे मूल, एवढा भार आपली सायकल ओढते. असा भार घेऊन उतार उतरताना मागचे चाक तिरके सरकले, किंवा हँडल वळले पण चाक वळलेच नाही, तर हात-पाय मोडायला वेळ लागत नाही. पाहायला जावे तर कारण पुष्कळदा एखादा सैल नट, नाहीतर फाजील पिळून आटे मेलेला बोल्ट.

बोल्ट लोखंडाचा असला तरी पिळताना तो केसभर ताणला जातो. ताणलेले लोखंड मागे येऊ पाहते आणि त्या ओढीनेच दोन भाग एकमेकांवर दाबून बसतात. ओढ कमी पडली तर खडबडीत रस्त्यावर नट हळूहळू सुटतो. ओढ फार झाली तर लोखंड ताणलेलेच राहते, मग आटे जातात किंवा बोल्टचे डोके तुटून हातात येते. कुदळ मारणाऱ्या हाताला मडगार्डचा बारीक बोल्ट म्हणजे काहीच नव्हे, म्हणून आपल्याकडे बारीक बोल्ट जास्त पिळून मरतात आणि चाकाचे मोठे नट मात्र सैल राहतात. पाना फिरतो आहे पण जोर वाढत नाही, हाताला मऊ लागते, असे झाले की तेथेच थांबावे. तो बोल्ट गेला असे समजून नवा घालावा.

कारखान्यात पिळाचे माप दाखवणारा पाना असतो. तो महाग असतो आणि घरच्या एका सायकलीसाठी कोणी घेऊही नये. त्याचे काम स्प्रिंगचा टांगता काटा करतो. पान्याच्या टोकाला काट्याचा आकडा अडकवावा आणि पान्याशी काटकोन ठेवून सावकाश ओढावे. नटाच्या मध्यापासून आकड्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे. अंतर 20 सेंटीमीटर असेल तर मागच्या चाकाच्या नटाला काट्यावर 15 ते 20 किलो येईपर्यंत ओढावे. हँडलच्या मधल्या उभ्या बोल्टला त्याच अंतरावर 10 किलोच्या आसपास पुरे. मडगार्ड किंवा कॅरियरच्या 5 मिलीमीटर जाडीच्या बोल्टला 10 सेंटीमीटरच्या पान्यावर 5 किलो खूप झाले. अंतर निम्मे झाले तर ओढ दुप्पट लागते, अंतर वाढले तर कमी लागते. पान्यावर नळी चढवून लांबी वाढवणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. दोनचार वेळा काट्यावर ओढून पाहिले की हाताला अंदाज बसतो, मग काटा परत भाजीच्या कामाला द्यावा! बारीक बोल्टला पाना डोक्याजवळ, अंगठा आणि दोन बोटांनी धरावा. चाकाच्या नटाला टोकाशी, पूर्ण मुठीत धरावा.

पाना लावण्यापूर्वी आटे चिंधीने पुसावेत आणि नट बोटांनीच निदान तीन फेरे बसवावा. बोटांनी बसत नसेल तर आटे वाकडे लागले आहेत, तेथे पान्याचा जोर लावू नये. गंजू नये म्हणून थेंबभर तेल लावायला हरकत नाही, मात्र तेलकट नट कमी जोरात जास्त आवळला जातो, तेव्हा हात थोडा आखडता घ्यावा.

मागच्या चाकाला दोन्ही नट एकदम आवळू नयेत. चाक चिमट्याच्या बरोबर मध्ये आणावे, चेन मधोमध बोटाने दाबून अर्धा इंच हलेल अशी ठेवावी आणि उजवा थोडा, डावा थोडा असे आळीपाळीने घ्यावे. वायसर नटाच्या लगेच आत यावा. मडगार्डच्या आणि कॅरियरच्या पट्ट्या त्याच्याही आत.

पायडलचा घोळ मात्र पुष्कळांचा होतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पायडल मारताना कोणतीच बाजू आपसूक सुटू नये म्हणून ही योजना आहे. (1903 साली विमान उडवणारे राइट बंधू मूळचे सायकलवाले. त्यांनी 1900 साली न सुटणाऱ्या पायडलची जाहिरात केली होती.) पाना वर उभा धरून पुढच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंचे पायडल घट्ट होते, मागच्या चाकाकडे ओढला की सुटते. एवढे लक्षात राहिले तर डावे-उजवे पाठ करायला नको.

कॉटर पिनेचे गणित वेगळे. पायडलचा दांडा एका जागी टकटक हलू लागला की लोक कॉटरचा नट पिळत बसतात आणि त्याचे बारीक आटे जातात. तो नट पिन ओढून घेण्यासाठी नाहीच, बसलेली पिन सुटू नये एवढ्यासाठी आहे. पिन हातोडीच्या ठोक्यानेच बसते. ठोकताना दांड्याच्या खाली लोखंडाचा जड तुकडा टेकवून धरावा, नाहीतर ठोका आतल्या छऱ्यांवर बसतो आणि वाट्यांना खड्डे पडतात. पिन बसली की नट बेताने आवळावा. पाचसहा मैल चालवून पुन्हा एक ठोका द्यावा आणि नट पाहावा.

हँडल तपासायचे तर पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून हँडल दोन्ही बाजूंना वळवून पाहावे. सीटही तशीच, टोक धरून पिळून पाहावी. सायकल जमिनीपासून चार बोटे उचलून सोडली तर जे सैल असेल ते खडखडते. नव्या सायकलीचे आणि नव्या घातलेल्या बोल्टांचे नट पहिल्या पंधरवड्यात एकदा पाहावेतच, कारण रंग आणि वायसर दबून जागा सैल होते. पावसाळा संपल्यावरही पाहावेत. गंजलेला नट एकदम जोर लावून सोडू नये. त्यावर तेल सोडून रात्रभर ठेवावे आणि सकाळी आधी किंचित घट्ट करून मग उलटा फिरवावा.