डोरेमॉनचा खाऊ आणि आपल्या वर्गातला ‘शी!’



आजच्या लेखात आपण जपानमधला खाऊ आणि तिथली कार्टून यांच्याविषयी माहिती घेणार आहोत. तुम्ही म्हणाल, बाई, चौथीच्या वर्गात जपानचा खाऊ कुठून आला? सांगते.

दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या वर्गातल्या एका मुलाने दप्तरातून एक पिशवी काढली. त्याचा मामा कंपनीच्या कामासाठी जपानला असतो, त्याने भाच्याला खाऊ पाठवला होता. पिशवीत हिरव्या रंगाचं किटकॅट होतं, मक्याची एक फुगलेली लांब नळी होती, कसल्याशा पावडरीचं पाकीट होतं आणि बदाम घातलेल्या इवल्या इवल्या सुक्या मासळीची एक पुडी होती. मी सगळं टेबलावर मांडलं. हिरवं चॉकलेट बघून मुलं म्हणाली, “ई!” मासळीची पुडी उघडली तेव्हा तर “शीऽऽ!” असा एकच गलका झाला. अर्ध्या वर्गाने नाकं दाबली.

एक मुलगी मात्र गप्प होती. तिच्याविषयी शेवटी सांगते. आधी त्या खाऊविषयी बोलूया, कारण त्यातल्या प्रत्येक ‘विचित्र’ वस्तूमागे काहीतरी कारण आहे आणि ते शोधताना माझाच चांगला अभ्यास झाला.

डोरा केक म्हणजे काय?

मुलांचा पहिला प्रश्न होता, “बाई, यात डोरा केक नाही का?” आपल्याकडे टीव्हीवर डोरेमॉन ज्याला डोरा केक म्हणतो, त्याचं जपानी नाव ‘दोरायाकी’. दोन छोटे, जाडसर, गोड घावनासारखे गोल आणि त्यांच्या मध्ये गोड सारण. हे सारण असतं ‘अझुकी’ नावाच्या लाल कडधान्याचं. कडधान्य शिजवायचं, साखर घालून आटवायचं, झालं सारण. त्याला ‘आन’ किंवा ‘आन्को’ म्हणतात.

युरोप-अमेरिकेतल्या अनेक लोकांना हे फार चमत्कारिक वाटतं. त्यांच्याकडे बीन्स म्हणजे तिखटमिठाचा पदार्थ, त्यात साखर घालतात हेच त्यांना पटत नाही. पण आपल्याला यात काही नवल वाटतं का? आपण हरभऱ्याची डाळ गुळात शिजवून पुरणपोळी करतो! अझुकी तर आपल्या मूग आणि चवळीच्याच कुळातलं. मी मुलांना एवढंच म्हटलं, “जपानी पुरण.” लगेच सगळ्यांच्या लक्षात आलं. डी.एड.ला असताना ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे सूत्र आपण पाठ केलेलं असतं, ते असं अचानक उपयोगी पडतं. आणि मुलांना एक गोष्ट कळली: एकाला जे विचित्र वाटतं, ते दुसऱ्याच्या घरी सणाला होतं.

नावातच गंमत आहे

आता ते किटकॅट. जपानमध्ये हे चॉकलेट 1973 पासून मिळतं. जपानी उच्चारात त्याचं नाव होतं ‘कित्तो कात्तो’. जपानी भाषेत ‘कित्तो कात्सु’ म्हणजे ‘नक्की जिंकशील’. झालं! जानेवारी-फेब्रुवारीत प्रवेश परीक्षांचा हंगाम आला की आई-बाबा, मित्र, शिक्षक परीक्षेला बसणाऱ्या मुलांना किटकॅट देतात. शुभेच्छा लिहायला जागा ठेवलेली पाकिटंसुद्धा मिळतात. ‘कोआला नो माची’ नावाचं कोआलाच्या चित्राचं बिस्कीटही परीक्षेच्या वेळी देतात, कारण कोआला झोपेतसुद्धा झाडावरून पडत नाही. आपण परीक्षेला निघताना हातावर दही-साखर ठेवतो ना, तसंच हे.

पॉकी नावाची चॉकलेट लावलेली बिस्किटाची काडी 1966 मध्ये आली. ती मोडताना ‘पोक्किन्’ असा आवाज येतो, म्हणून नाव पॉकी. काडी दिसते 1 या आकड्यासारखी, म्हणून 11 नोव्हेंबर हा पॉकीचा दिवस! तारखेत चार काड्या उभ्या दिसतात.

जपानी भाषेत असे आवाजाचे आणि स्पर्शाचे शब्द भरपूर आहेत. ‘साकुसाकु’ म्हणजे खुसखुशीत, ‘कारिकारि’ म्हणजे कुरकुरीत, ‘फुवाफुवा’ म्हणजे लुसलुशीत आणि ‘नेबानेबा’ म्हणजे चिकट, तार सुटणारं. मुलांचा लाडका पिकाचू पण असाच तयार झाला. ‘पिका’ म्हणजे लखकन् चमकणं आणि ‘चू’ म्हणजे उंदराचा आवाज.

आता हे सगळं मराठीच्या तासाला आणा. कुरकुर, चुरचुर, गिळगिळीत, बुळबुळीत, लखलख, कडकड... अनुकरणवाचक शब्दांची एवढी श्रीमंती आपल्याही भाषेत आहे. माझ्या वर्गाने एका तासात फळा भरला. व्याख्या पाठ करून घेताना जी मुलं जांभया देतात, तीच मुलं “बाई, भेंडीला कुठला शब्द?” असं विचारत होती.

इतक्या चवी कशासाठी?

हिरवं किटकॅट होतं ‘माच्चा’चं, म्हणजे बारीक दळलेल्या हिरव्या चहाचं. वासाबीचं, रताळ्याचं, खरबुजाचं, सोया सॉसचंसुद्धा किटकॅट निघालेलं आहे. आजवर तीनशेहून जास्त चवी झाल्या असं सांगतात. परदेशी माणसाला वाटतं, हा काय वेडेपणा!

पण जपानमध्ये एक रीत आहे, ‘ओमियागे’. कुठेही बाहेरगावी गेलात की परत येताना घरच्यांसाठी आणि ऑफिसमधल्या लोकांसाठी त्या गावचा खाऊ आणायचा. रिकाम्या हाताने आलं तर बरं दिसत नाही. म्हणून प्रत्येक भागाचा वेगळा स्वाद. वासाबी पिकवणाऱ्या शिझुओकाचा वासाबी, चहासाठी प्रसिद्ध असलेल्या उजीचा माच्चा. आपणही लोणावळ्याहून चिक्की आणि साताऱ्याहून कंदी पेढे आणतोच की. शिवाय तिथे ऋतूप्रमाणे खाऊ बदलतो. वसंत ऋतूत साकुराची फुलं फुलली की साकुराच्या चवीचा खाऊ येतो आणि हंगाम संपला की निघून जातो. परिसर अभ्यासात ‘आपला जिल्हा’ शिकवताना ‘आपल्या गावचा ओमियागे कोणता?’ हा प्रश्न विचारून बघा.

नाण्यांचा हिशेब

ती मक्याची फुगलेली नळी म्हणजे ‘उमाइबो’. अर्थ अगदी साधा आहे, ‘चविष्ट काठी’. 1979 मध्ये ती आली तेव्हा किंमत होती 10 येन, म्हणजे आजच्या हिशेबाने आपले पाच-सहा रुपये. ही किंमत कंपनीने चाळीसहून जास्त वर्षं बदलली नाही! 2022 मध्ये पहिल्यांदा 12 येन झाली, तेव्हा ती जपानभर बातमी झाली. 2024 मध्ये 15 येन झाली.

अशा स्वस्त खाऊला ‘दागाशी’ म्हणतात. गल्लीतल्या छोट्या दुकानात, बहुतेक वेळा एखाद्या आजींच्या दुकानात, मुलं हातात नाणी घेऊन जायची आणि काय परवडेल याचा हिशेब करायची. अशी दुकानं आता कमी होत चालली आहेत. शाळेच्या सहलीला तर ठरलेला नियम असायचा, ‘खाऊ 300 येनपर्यंतच आणायचा’. त्यावरचा एक विनोद तिथे सगळ्यांना माहीत आहे. एक मुलगा हात वर करून विचारतो, “सेन्सेई, केळं खाऊत धरायचं का?” सेन्सेई म्हणजे सर किंवा बाई. मला तर हे वाचून आपलाच वर्ग आठवला!

हात धुऊन करायचा खाऊ

पावडरीच्या पाकिटाचं नाव ‘नेरुनेरुनेरुने’. ‘नेरु’ म्हणजे मळणं, घोटणं. 1986 पासून हा खाऊ मिळतो. एका पावडरीत पाणी घालून ढवळायचं, मग दुसरी पावडर घालायची. मिश्रण फसफसून फुगतं आणि डोळ्यांदेखत रंग बदलतो. बघणाऱ्याला वाटतं, हे काय रसायन खातायत मुलं! पण आत आहे आपलं पाचवी-सहावीचं विज्ञान. खाण्याचा सोडा आणि आंबट पदार्थ एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो, म्हणून फेस. आंबटपणामुळे रंगद्रव्याचा रंग बदलतो. जास्वंदीच्या फुलाच्या रसात लिंबू पिळलं की तो लाल-गुलाबी होतो आणि सोडा घातला की हिरवट होतो, हा प्रयोग आपण करतोच. जपानी लोकांनी तो प्रयोग पाकिटात भरला आणि मुलांना खायला दिला, एवढंच.

स्वतःचं डोकं खायला देणारा हिरो

आता एका कार्टूनविषयी. हे आपल्या मुलांना फारसं माहीत नाही, पण जपानमधल्या लहान मुलांचं अतिशय आवडतं आहे. नाव ‘आनपानमान’. ‘आनपान’ म्हणजे आत अझुकीचं गोड सारण भरलेला पाव. तोक्योच्या गिंझा भागातल्या किमुराया या बेकरीने तो 1874 मध्ये पहिल्यांदा केला. या हिरोचं डोकं म्हणजेच असा पाव. कुणी भुकेलेला दिसला की तो आपल्या डोक्याचा तुकडा तोडून त्याला खायला देतो. त्यामुळे त्याची शक्ती कमी होते. मग बेकरीवाले जॅम काका त्याला नवीन डोकं भाजून देतात.

ऐकून अंगावर काटा येतो ना? 1973 मध्ये हे चित्रपुस्तक आलं तेव्हा जपानमधल्या मोठ्या माणसांनाही तसंच वाटलं. डोकं खायला देणं फार क्रूर आहे, अशी टीका झाली. टीका करणाऱ्यांमध्ये बालवाडीच्या शिक्षिकासुद्धा होत्या. मुलांनी मात्र ते पुस्तक वाचून वाचून फाडलं. 1988 मध्ये त्याची टीव्ही मालिका सुरू झाली.

हे लिहिणारे ताकाशी यानासे (1919-2013) तरुणपणी सैनिक म्हणून चीनमध्ये होते. तिथे त्यांनी भूक अनुभवली. त्यांचा धाकटा भाऊ युद्धात गेला. न्याय कुणाचा हे देशानुसार आणि काळानुसार बदलतं, हे त्यांनी पाहिलं होतं. पण भुकेल्याला खायला देणं कुठेही, कधीही बरोबरच असतं, असं त्यांचं मत झालं. म्हणून त्यांच्या हिरोकडे ना तलवार, ना बंदूक. त्याच्याकडे आहे फक्त पाव. हे कळल्यावर तुम्हाला ते कार्टून अजून विचित्र वाटतं का? मला नाही वाटलं.

आता ती मासळीची पुडी

बदाम आणि सुकी मासळी हा जपानी शाळांमध्ये दुपारच्या जेवणात मिळणारा पदार्थ आहे. काटेरी मासळी अख्खी खायची असते, त्यामुळे मुलांना कॅल्शियम मिळतं. आपल्याकडे पोषण आहारात कडधान्यं देतात, तसाच विचार. वर्गात शाकाहारी घरांतली मुलं आहेत, म्हणून मी कुणालाही चव घ्यायला लावली नाही, फक्त पुडी दाखवली. (तुम्ही परदेशी खाऊ वर्गात नेलात तर घटक वाचा आणि पालकांना आधी विचारा.)

सगळे नाक दाबून बसले असताना ती गप्प मुलगी पुढे आली. वास घेतला आणि हळूच म्हणाली, “बाई, आमच्याकडे सुकी मांदेली असते. वास असाच येतो.”

ही मुलगी कोळीवाड्यातून येते. जूनमध्ये तिच्या डब्यात सुकी मांदेली आणि तांदळाची भाकरी असायची. मुलं चिडवायची, लांब सरकून बसायची. तेव्हा मी काय केलं? तिच्या आईला शाळेत बोलावून सांगितलं, “ताई, डब्यात सुकी मासळी नका देत जाऊ, मुलं चिडवतात.” त्या “बरं बाई” म्हणाल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून डब्यात चपाती-बटाटा. तक्रार मिटली, मला वाटलं काम झालं. पण चूक डब्याची नव्हतीच. चिडवणाऱ्यांना शिकवायचं सोडून मी डबा बदलायला सांगितला होता.

जपानी मासळीमागचं कारण मी मुलांना हौसेने समजावत होते आणि माझ्याच वर्गातल्या मासळीला मी वर्गाबाहेर काढलं होतं. त्या दिवशी मी सगळ्या वर्गासमोर तिला विचारलं, “मांदेली कशी सुकवतात गं?” सुरुवातीला ती लाजली. मग बोलायला लागली. मीठ, ऊन, वाळत घालायच्या दोऱ्या, कावळ्यांना हाकलणारी आजी, सगळं सांगितलं. वर्ग ऐकत राहिला. संध्याकाळी मी तिच्या आईला फोन केला आणि माझं चुकलं म्हणून सांगितलं.

तुमच्या वर्गात आणि घरी काय करता येईल?

1. डब्याच्या वेळी एक नियम करा: दुसऱ्याच्या खाण्याला ‘शी’ म्हणायचं नाही. त्याऐवजी विचारायचं, “हे काय आहे? कसं करतात?” खायची सक्ती नाही, विचारायची सवय मात्र लावायची.
2. अनुकरणवाचक शब्द डब्यातल्या पदार्थांवरून गोळा करा.
3. ‘सहलीचा खाऊ 50 रुपयांत’ असा हिशेब मुलांना करायला द्या. केळं धरायचं की नाही, हे वर्गाने ठरवावं.
4. पालकहो, घरी कार्टून बघताना मुलं ‘हे कसलं विचित्र’ म्हणाली तर टीव्ही बंद करू नका. ‘ते असं का करत असतील?’ एवढं विचारा. उत्तर दोघांनी मिळून शोधा.

आमच्या वर्गात अजूनही कधी कधी “शी” ऐकू येतं, एका दिवसात सवय जात नाही. पण परवा डब्यात पुन्हा मांदेली आली होती. शेजारचा मुलगा नाक न दाबता तिथेच बसून राहिला आणि म्हणाला, “काटा कसा काढतेस?” ती त्याला दाखवत होती.