निम चिंप्स्की : प्रयोगविषय आणि प्रयोगकर्त्याचे दायित्व

मानवेतर प्राण्यास भाषा शिकविता येईल काय, या प्रश्नाच्या ऊहापोहात निम चिंप्स्की या चिंपांझीचा उल्लेख हटकून येतो. प्रयोग संपल्यावर त्याचे पुढे काय झाले, याची चर्चा मात्र आपल्या वर्गांत क्वचितच होते.

निमचा जन्म १९७३ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा येथील एका संशोधनसंस्थेत झाला. भाषाक्षमता ही केवळ मानवाचीच होय, या नोम चॉम्स्की यांच्या मताची परीक्षा घ्यावयाची असल्याने त्यांच्याच नावावर श्लेष करून त्याचे नाव ठेवण्यात आले. कोलंबिया विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट टेरेस यांच्या योजनेनुसार त्यास थोड्याच दिवसांत आईपासून तोडून न्यूयॉर्कमधील एका कुटुंबात मुलाप्रमाणे वाढविण्यात आले. अमेरिकन संकेतभाषेतील सुमारे १२५ खुणा तो शिकला.

तथापि १९७९ साली टेरेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष प्रतिकूल होता. चित्रफिती बारकाईने तपासता, निमच्या पुष्कळशा खुणा शिक्षकाने नुकत्याच केलेल्या खुणांचे अनुकरण असल्याचे आढळले. मुलाची वाक्ये वयाबरोबर विस्तारतात. निमची उक्ती तशी विस्तारली नाही. त्याची सोळा खुणांची दीर्घतम उक्ती म्हणजे 'दे', 'संत्रे', 'मी', 'खा', 'तू' एवढ्यांचीच पुनरावृत्ती होती. तीस वाक्यरचना म्हणता येत नाही.

तत्पूर्वीच, १९७७ मध्ये, निमची ओक्लाहोमास परत पाठवणी झाली होती. माणसांत वाढलेल्या त्या जिवास आता पिंजऱ्यात राहणे आले. १९८२ साली तर त्याची विक्री एका वैद्यकीय प्रयोगशाळेस झाली. तेथे चिंपांझींवर यकृतदाहाच्या लसीचे प्रयोग चालत. लोकक्षोभ उसळल्यामुळे त्याची सुटका होऊन टेक्सासमधील प्राण्यांच्या आश्रयस्थानी रवानगी झाली. तेथेच २००० साली, वयाच्या २६ व्या वर्षी, तो मरण पावला.

येथे दोन प्रश्नांची गल्लत टाळली पाहिजे. निमला भाषा आली काय, हा भाषाशास्त्राचा प्रश्न; त्याच्याशी कसे वागावे, हा नीतीचा. निम सुटला तो त्याला नाव होते, प्रसिद्धी होती म्हणून. पिंजऱ्यातील त्याच्या अनाम सोबत्यांपाशी हे भांडवल नव्हते. संरक्षणाचा अधिकार भाषेवर अवलंबून ठेवावा, तर १९७९ च्या निष्कर्षाने निमही त्यास अपात्र ठरेल. परंतु वेदना, भय आणि वियोग यांस वाक्यरचनेची गरज नसते. अमेरिकेत २०१५ साली बंदिवासातील चिंपांझींनाही संकटग्रस्त प्राण्यांचे कायदेशीर संरक्षण देण्यात आले. ते देताना कोणासही खुणा येतात काय, हे विचारण्यात आले नाही.

प्रयोगाचा निधी काही वर्षे पुरतो. चिंपांझी मात्र चाळीस-पन्नास वर्षेही जगू शकतो. जो संशोधक अशा प्राण्यास स्वजातीयांपासून तोडतो, त्याने त्याच्या उर्वरित आयुष्याची तरतूद प्रयोगाच्या आराखड्यातच केली पाहिजे. ती करणे शक्य नसेल, तर तो प्रयोग हाती न घेणे हेच शास्त्रास शोभणारे होय.