रेकॉर्ड मोडलं, तरी फायनल हुकली

व्हिडिओत अविनाश साबळेचा विषय घाईत आटोपला, म्हणून इथे नीट लिहितोय.

आपल्या मराठवाड्याचाच गडी. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, शेतकरी घर. बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये भरती, सियाचीनची ड्युटी. 2015 ला सैन्याच्या क्रॉस कंट्रीत उतरला, नंतर 3000 मीटर स्टीपलचेस धरलं: 28 अडथळे, 7 वेळा पाण्याचा खड्डा. 2018 ला 8:29.80 वेळ देऊन गोपाल सैनींचं 37 वर्षं जुनं राष्ट्रीय रेकॉर्ड मोडलं.

आता खरी गंमत बघा. टोकियो ऑलिम्पिकमध्ये 8:18.12, पुन्हा राष्ट्रीय रेकॉर्ड, आणि तरी बाहेर! कारण प्रत्येक हीटमधले पहिले तीन थेट फायनलला, बाकी सहा वेळेवर. हा आपल्या हीटमध्ये सातवा. तिसऱ्या हीटमधले तिघं याच्यापेक्षा हळू पळून आत गेले. माझं दुकानाचं तसंच झालं होतं. मागच्या दिवाळीपेक्षा जास्त विकलं म्हणून मी खूश, आणि नेहमीचं गिऱ्हाईक समोरच्याकडे वळलेलं, हे कळलं थेट मार्चमध्ये.

2022, बर्मिंगहॅम कॉमनवेल्थ. 1998 पासून इथली तिन्ही पदकं केनियावालेच न्यायचे. साबळेने 8:11.20 मध्ये रौप्य आणलं, सुवर्ण 0.05 सेकंदाने गेलं. 2023 ला हांगझोऊ आशियाईत मात्र सुवर्णच. 2024 ला पॅरिस ऑलिम्पिकची फायनल गाठली, तिथे अकरावा. त्याआधी महिनाभर पॅरिस डायमंड लीगमध्ये 8:09.91. म्हणजे सहा वर्षांत 20 सेकंद कमी, तेही थोडे थोडे करून.