‘तुझा बुमराह दे, माझे तिघे घे’: समोरच्याला न दुखावता सौदा कसा मांडायचा?



करमाडला घेतलेल्या बॅचमध्ये एका मुलाने खेळातला एक सौदा जिंकला आणि महिनाभराने धंद्यातली खरी ऑर्डर गमावली. मागच्या व्हिडिओत मी हे ओझरतं बोललो, तर बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, नेमकं झालं काय? आणि धंद्याच्या क्लासमध्ये क्रिकेट कशाला?" आज ते सविस्तर सांगतो.

बॅचमध्ये आठ जण होते. एक जण शेंद्रा एमआयडीसीतल्या कामगारांना डबे पुरवतो, एकाचं फॅब्रिकेशनचं दुकान, एकाची पिकअप गाडी, एक ताई मसाले करतात, एकाचं कृषी सेवा केंद्र. आयपीएल चालू होती. मी म्हटलं, वाटाघाटी फळ्यावर शिकवून येत नाहीत, आपण फँटसी लीगच खेळू.

आधी खेळ समजून घ्या

मोबाईलवर रोज नवी टीम लावतात तो खेळ हा नाही. तिथे सौदा करायला समोर माणूसच नसतो. हा खेळ पूर्ण सीझनचा आहे. प्रत्येकाला १०० कोटी कागदी रुपये द्यायचे, लिलाव करायचा, प्रत्येकाने १४ खेळाडू घ्यायचे. एकदा विराट तुमच्याकडे आला की तो दुसऱ्या कोणाकडे नाही. दर आठवड्याला तुम्ही उतरवलेल्या ११ जणांच्या धावा, विकेट, झेल यांचे गुण मोजायचे. आणि रविवारी संध्याकाळी ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल.

असा खेळ पहिल्यांदा गाजला तो न्यूयॉर्कमध्ये, १९८० साली. डॅनियल ओक्रेंट या लेखक-संपादकाने मित्रांना घेऊन बेसबॉलची अशी लीग काढली. मंडळी ज्या हॉटेलात जेवायला जमायची त्याचं नाव ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’, म्हणून तिचं नाव पडलं ‘रोटिसरी लीग’. म्हणजे मुळापासून हा ओळखीच्या माणसांचा खेळ. पुढचं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे, एवढं लक्षात ठेवा.

एक सूचना आधीच देतो. खेळात पैसे लावू नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला, आणि त्यानंतर ड्रीम११ सारख्या ॲपनीही पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. आमच्या लीगमध्ये जिंकणाऱ्याला नारळ आणि टाळ्या, बस्स.

पहिल्या रविवारी काय झालं?

पहिल्याच रविवारी एकाने दुसऱ्याला मेसेज टाकला: "तुझा बुमराह दे, माझे तिघे घे."

समोरच्याने उत्तरच दिलं नाही. याला वाटलं, मी एकाच्या बदल्यात तीन देतोय, अजून काय पाहिजे? पण समोरच्याच्या बाजूने बघा. संघात जागा १४. तीन घ्यायचे तर बुमराहशिवाय अजून दोघांना काढावं लागणार. त्यात आठवड्याला ११ जणच मोजले जातात. बाकावर बसलेले तीन साधारण खेळाडू मिळून एक बुमराह होत नाही. याने मोजली ती संख्या, पण समोरच्याची गरज विचारात घेतलीच नाही.

धंद्यात हेच होतं. "दादा, शंभर नग घेतो, निम्म्या भावात द्या." अहो, पण शंभर नग करायला त्याच्याकडे माणसं आहेत का? त्याला मोठी ऑर्डर पाहिजे की रोख पैसे पाहिजेत? हे तुम्ही विचारलंच नाही.

दोघांचाही फायदा होतो तो कसा? आकडे मांडू

समजा तुमच्याकडे तीन चांगले सलामीवीर आहेत, पण जागा दोनच. तिसरा सामन्याला ४० गुण मिळवतो, तरी तो बाकावर असल्याने तुम्हाला त्याचा उपयोग शून्य. आणि तुमचा एक गोलंदाज जेमतेम १२ गुण देतो.

समोरच्याकडे गोलंदाज भरपूर, फलंदाजीत मात्र भोक. त्याचा एक गोलंदाज ३० गुण देतो, बाकावरचा गोलंदाज २२ देऊ शकतो, आणि त्याचा सलामीवीर फक्त १५ देतो.

तुम्ही बाकावरचा सलामीवीर दिला आणि ३० गुणांचा गोलंदाज घेतला. तुमचे १२ चे ३० झाले, फायदा १८. त्याचा गोलंदाज गेला, जागेवर बाकावरचा आला, तोटा ८. पण सलामीला १५ चे ४० झाले, फायदा २५. म्हणजे निव्वळ फायदा १७.

कोणीही कोणाला फसवलं नाही आणि दोघांचेही गुण वाढले. कारण तुमच्याकडे पडून असलेल्या मालाची त्याला गरज होती. सौद्याची जागा शोधायची ती इथे.

खरं उदाहरण: संजू आणि जडेजा

आता खऱ्या आयपीएलमध्ये या. नोव्हेंबर २०२५ मध्ये मोठा ट्रेड झाला. संजू सॅमसन राजस्थान रॉयल्सकडून चेन्नई सुपर किंग्जकडे गेला, आणि रवींद्र जडेजा व सॅम करन राजस्थानकडे. संजूची किंमत १८ कोटीच राहिली. जडेजाची १८ वरून १४ कोटींवर आली. करन २.४ कोटींचा.

हा सौदा का जुळला? २०२५ च्या सीझनमध्ये गुणतालिकेत राजस्थान नववी आणि चेन्नई दहावी, म्हणजे दोघांनाही बदल हवाच होता. चेन्नईला धोनीनंतरचा विचार करायचा होता. संजू यष्टिरक्षक, वरच्या फळीतला फलंदाज आणि वय ३१. राजस्थानला संजूच्या बदल्यात दोन अष्टपैलू मिळाले. जडेजाचं वय ३७ च्या घरात, म्हणून किंमत खाली आली. पण २००८ मध्ये राजस्थानने पहिली आयपीएल जिंकली तेव्हा तो याच संघात होता, त्यामुळे घरही ओळखीचं. नुसती नावं मोजली तर ‘दोनाला एक’. गरजा मोजल्या तर बरोबरीचा सौदा.

अजून एक गोष्ट बघा. आयपीएलमध्ये दोन संघ परस्पर ठरवून मोकळे होत नाहीत. खेळाडूची संमती लागते आणि वरून मंजुरीही लागते. दार चुकलं तर काय होतं हे खुद्द जडेजाने अनुभवलंय. राजस्थानशी करार बाकी असताना दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी केल्याबद्दल २०१० चा पूर्ण सीझन त्याला खेळता आला नव्हता. योग्य दारातून या, हा धडा तेव्हाचा आणि आजही लागू.

प्रस्ताव मांडण्याचे सहा नियम

हे सहा नियम आम्ही बॅचमध्ये फळ्यावर लिहिले होते.

१. आधी त्याचा संघ वाचा. मेसेज टाकायच्या आधी दहा मिनिटं त्याची यादी बघा. त्याच्याकडे कुठे भोक आहे? ते सापडलं नाही तर त्या दिवशी प्रस्तावच देऊ नका.

२. सुरुवात त्याच्या गरजेने करा. "तुझा बुमराह दे" ऐवजी असं लिहा: "भाऊ, तुझी सलामी कमजोर दिसतेय आणि माझ्याकडे एक सलामीवीर जास्तीचा आहे. मला गोलंदाज पाहिजे. बोलायचं का?" यात भाव नाही, मागणी नाही. बोलणं सुरू करायला एवढं पुरतं.

३. पहिला आकडा लाज वाटेल असा नको. घासाघीस होणारच, थोडी जागा ठेवून बोला. पण दहाची वस्तू दोनला मागितली तर समोरचा भाव सांगत नाही, तुमचं नाव लक्षात ठेवतो.

४. त्याचा माल नावं ठेवून स्वस्त करू नका. "तुझा तो तर संपलेला खेळाडू आहे." अहो, संपलेला आहे तर तुम्हाला कशाला पाहिजे? मंडईत भाजी चिवडून "कसली ही मेथी" म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला विक्रेता काय म्हणतो, ऐकलंय ना?

५. ‘नाही’ आलं की थांबा. कारण एकदा विचारा: "काय असतं तर जमलं असतं?" उत्तर आलं तर नवा प्रस्ताव द्या, नाही तर "ठीक आहे, पुढच्या रविवारी बघू." तोच प्रस्ताव पाच वेळा पाठवणं म्हणजे चिकाटी नव्हे, कटकट. आणि तुम्हाला प्रस्ताव आला, तो आवडला नाही, तरी एका ओळीत ‘नाही’ कळवा. गप्प बसून माणसाला लटकत ठेवू नका.

६. बोलणं दोघांत, निकाल सगळ्यांत. बैलबाजारात उपरण्याखाली बोटं धरून भाव करायची पद्धत आपल्या आजोबांनी पाहिलीय. तिचा एक फायदा होता: सौदा फिसकटला तरी कोणाची शोभा चारचौघांत होत नसे. पण झालेला सौदा उघड पाहिजे. आमच्या लीगमध्ये प्रत्येक ट्रेड सगळ्यांसमोर वाचला जायचा आणि इतर सहांपैकी चौघांनी हरकत घेतली तर रद्द व्हायचा. कारण दोन मित्र संगनमत करून एकाचा संघ फुगवू शकतात. मात्र "मला तो सौदा आवडला नाही" ही हरकत होत नाही. दोघांनी समजून-उमजून केलेला वाईट सौदाही त्यांचाच.

आणि आता तो मुलगा

फॅब्रिकेशनवाल्या मुलाकडे एक वेगवान गोलंदाज होता. शनिवारी रात्री त्याने बातमी वाचली की तो जखमी आहे, पुढचे सामने अवघड. रविवारी त्याने तोच गोलंदाज पिकअपवाल्याला देऊ केला. पिकअपवाल्याने सरळ विचारलं, "फिट आहे ना रे?" हा म्हणाला, "एकदम." ट्रेड झाला. सोमवारी सगळ्यांना खरं कळलं. वर्गात हशा पिकला, हासुद्धा हसला. पिकअपवाला हसला नाही.

तुम्ही म्हणाल, बातमी तर उघड होती, त्याने वाचायला पाहिजे होती. बरोबर. तुम्ही जास्त अभ्यास केला, आधी वाचलं, तर तो तुमचा हक्क आहे. आपले सगळे पत्ते दाखवत बसायची गरज नाही. पण त्याने प्रश्न विचारला होता आणि याने खोटं उत्तर दिलं. गप्प राहणं आणि खोटं बोलणं यात फरक आहे. विचारल्यावर सांगायचं नसेल तर "ते तू बघून घे" एवढं तरी म्हणा. समोरचा शहाणा असेल तर ओळखेल.

त्यानंतर सीझन संपेपर्यंत या मुलाशी कोणीही ट्रेड केला नाही. चांगल्या प्रस्तावालाही लोक म्हणायचे, "यात काहीतरी असणार." महिनाभराने त्याला शेंद्र्यात एका शेडचं काम मिळालं. माल पोहोचवायला गाडी पाहिजे होती आणि हातात रोख नव्हती. त्याने पिकअपवाल्याला पंधरा दिवसांची उधारी मागितली. पिकअपवाला शांतपणे म्हणाला, "आधी पैसे." दुसरी गाडी मिळेपर्यंत दोन दिवस गेले. पुढचं काम त्या मालकाने दुसऱ्याला दिलं.

चूक माझीही होती. तो सोमवार मी हसण्यावारी नेला. तेव्हाच वर्ग थांबवून बोलायला पाहिजे होतं.

करमाड असो की तुमचं गाव, धंद्यातली माणसं तीच ती असतात. आज ज्याच्याशी सौदा केला, उद्या त्याच्याच दारात जायचंय.

धंद्यात अदलाबदल करताना

तुमच्याकडे मशीन रिकामं आहे, शेजाऱ्याकडे गाडी रिकामी आहे, तर कामाच्या बदल्यात काम जरूर करा. पण तीन गोष्टी सांभाळा.

एक, जीएसटी. कायद्याच्या व्याख्येत विक्रीसोबत अदलाबदलही ‘पुरवठा’ धरली आहे. नोंदणी असेल तर पैसे हातात आले नाहीत तरी दोघांनीही आपापलं बिल करायचं. सीएला विचारून घ्या.

दोन, मुदत. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे समोरच्याने स्वीकारून कळवेपर्यंत प्रस्ताव मागे घेता येतो, आणि दिलेली मुदत संपली की प्रस्ताव आपोआप संपतो. म्हणून लिहा: "हा भाव शनिवार संध्याकाळपर्यंत." यात उद्धटपणा काही नाही, दोघांचीही सोय आहे.

तीन, झालं ते लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर चार ओळी पुरतात: कोण काय देणार, किती, कधी, आणि बिघडलं तर काय.

या आठवड्याचा गृहपाठ

ज्याच्याशी तुम्हाला सौदा करायचा आहे असा एक माणूस निवडा. वहीत दोन रकाने करा. एकात लिहा, माझ्याकडे पडून काय आहे. दुसऱ्यात लिहा, त्याला अडचण कशाची आहे. दुसरा रकाना रिकामा राहिला तर फोन करू नका. त्याच्या दुकानात जा, चहा घ्या, ऐका. भावाचं नंतर बघू.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा वाढवा, माणसं टिकवा!