व्यसन आणि मनाचा आजार : उपचार सोबतच

‘आधी दारू सुटू दे, मग डोक्याचं पाहू,’ हा सल्ला घातक ठरू शकतो. उदासी, भीती किंवा भास सहन होईनात म्हणून अनेक जण पितात आणि पिण्याने तेच त्रास वाढतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातही दारू व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था आजारातच मोडतात.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. दोन-तीन दिवसांत थरथर, भास, झटके येऊन जीवही जाऊ शकतो. विडी-सिगारेटबद्दलही डॉक्टरांना सांगाच. धुरामुळे क्लोझापिन, ओलान्झापिन या मनोविकारावरील औषधांचे रक्तातले प्रमाण घटते. धूम्रपान सुटले की ते वाढते आणि डोस बदलावा लागतो. खर्ऱ्यातल्या तंबाखूने असे होत नाही, पण तोही लपवू नये.

नागपुरात कुठे? १८६४ पासूनचे प्रादेशिक मनोरुग्णालय, तसेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल) आणि मेयो रुग्णालयातील मनोविकार विभाग. फोनवर मोफत सल्ला : टेलि-मानस १४४१६, व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६.