बँकेच्या पत्त्याला नवा गट नंबर



ऊस बिल जमा झाले की पुढचे दोन-चार दिवस आपल्या गट कार्यालयांत गर्दी असते. कोणाचे वजन काटा पावतीशी जुळत नाही, कोणाची सोसायटीची वसुली जास्त कापली गेलेली असते, कोणाला खोडव्याची नोंदच सापडत नाही. हे नेहमीचेच. पण अलीकडे या गर्दीत एक नवा प्रश्न ऐकू येऊ लागला आहे. "साहेब, बँकांची नावं बदलली म्हणे. मग आमचं खातं नव्या नावावर करून घ्यायचं का?"

या प्रश्नाचे उत्तर आधीच देऊन टाकतो. नाही. काहीही करून घ्यायचे नाही. खाते तेच, खाते क्रमांक तोच, पासबुक तेच, शाखा तीच. बदलला आहे तो फक्त इंटरनेटवरचा बँकेचा पत्ता, आणि तो बदलण्याचे काम बँकेचे आहे, तुमचे नाही. ज्यांना एवढेच हवे होते त्यांनी येथे थांबले तरी चालेल. पण आमचा आग्रह आहे की पुढचे वाचावे, कारण हे एवढे ठाऊक नसल्यामुळे आपल्या एका सभासदाचे एका पंधरवड्याचे बिल हातचे गेले.

झाले असे. बिल जमा झाल्याचा मेसेज सकाळी आला. दुपारी दुसरा आला : "बँकेचे नवीन नाव लागू झाले आहे. आपले खाते नव्या नावावर वर्ग न केल्यास ऊस बिलाची रक्कम परत जाईल." खाली लिंक होती. गृहस्थ शिकलेले, दोन मुले नोकरीला, स्वतः सोसायटीचे हिशेब पाहिलेले. त्यांनी लिंक दाबली, पुढे आलेल्या पानावर खाते क्रमांक घातला, मोबाईलवर आलेला ओटीपी घातला. संध्याकाळपर्यंत खात्यात सव्वादोनशे रुपये उरले. लाजेपोटी त्यांनी घरात सांगितले नाही, बँकेत गेले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर पैसे तीन-चार खात्यांतून फिरून गेले होते. त्यांच्याच शेजारच्या शेतकऱ्यालाही तोच मेसेज आला होता. तो वाचला तो शहाणपणामुळे नव्हे, मळ्यात रेंज नव्हती म्हणून!

आता मूळ बदल काय आहे ते पाहू. ७ फेब्रुवारी २०२५ रोजी पतधोरण जाहीर करताना रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी सांगितले की भारतातील बँकांसाठी इंटरनेटवर एक राखीव नाव राहील : 'बँक.इन'. २२ एप्रिल २०२५ रोजी तसे परिपत्रक निघाले आणि सर्व बँकांनी आपले पत्ते ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत या नव्या नावाखाली न्यावेत अशी मुदत घातली गेली. यात केवळ मोठ्या सरकारी आणि खाजगी बँका नाहीत, आपल्या नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही आल्या.

आधी जो तो आपापल्या सोयीचे नाव घेऊन बसला होता. स्टेट बँकेचा पत्ता होता 'बँक.एसबीआय', पंजाब नॅशनल बँकेचा 'पीएनबीइंडिया.इन', एचडीएफसीचा 'एचडीएफसीबँक.कॉम'. तीन बँका, तीन तऱ्हा. आता त्या झाल्या 'एसबीआय.बँक.इन', 'पीएनबी.बँक.इन' आणि 'एचडीएफसी.बँक.इन'. (मोबाईलवर ही अक्षरे इंग्रजीत दिसतात, येथे आम्ही नागरीत लिहिली आहेत. शेवटची अक्षरे अशी : टिंब, मग बी-ए-एन-के, मग टिंब, मग आय-एन.)

ज्यांच्या गावात एकत्रीकरण योजना झाली त्या जुन्या मंडळींना हा प्रकार नवा वाटू नये. १९४७ च्या कायद्याने तुकडेजोड झाली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुन्या खरेदीखतावर सर्व्हे नंबर, नव्या उताऱ्यावर गट नंबर, आणि दोन्ही जुळवताना तलाठ्याच्या दारात किती चपला झिजल्या ते ज्याचे त्याला माहीत. पण एक फरक ध्यानात घ्या. एकत्रीकरणात काही ठिकाणी बांधही सरकले आणि त्यावरून भाऊबंदकीत दावे चालले. येथे बांध सरकलेला नाही. बँकेच्या दारावरची पाटी बदलली, आतली तुमची तिजोरी हललेली नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? तर पाटी कोणी लावायची, याच्यासाठी. इंटरनेटवर '.कॉम' किंवा नुसते '.इन' असलेले नाव कोणीही उठून काही शे रुपयांत वर्षभरासाठी नोंदवू शकतो. नाव मोकळे असले म्हणजे झाले, तुम्ही बँक आहात का, असे कोणी विचारत नाही. त्यामुळे भामट्यांनी बँकेच्या नावात एखादे अक्षर मागेपुढे करून हुबेहूब पाट्या लावल्या. 'बँक.इन'च्या आवारात तसे चालत नाही. तेथे नाव देण्याचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे आहे. ही संस्था रिझर्व्ह बँकेने १९९६ साली बँकांच्या तंत्रविषयक कामासाठी काढलेली. ती बँकेलाच नाव देते, दुसऱ्याला नाही. बँकेतर वित्तसंस्थांसाठी पुढे 'फिन.इन' असे वेगळे आवार करण्याचेही रिझर्व्ह बँकेने त्याच वेळी बोलून दाखवले होते. जाता जाता : आपल्याकडील पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. तिच्या पत्त्याला 'बँक.इन' नसेल तर ती खोटी ठरत नाही, पण एखाद्या पतसंस्थेच्या नावाने 'बँक.इन' सांगितले जात असेल तर मात्र कान टवकारावेत.

ही नावे कशी बांधलेली असतात, हे थोडे खोलात सांगतो, कारण सगळी गोम तेथे आहे. संगणक एकमेकांना नावाने ओळखत नाहीत, आकड्यांनी ओळखतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून नाव, आणि नाव कोणत्या आकड्याचे ते सांगणारी नोंदवही. सुरुवातीला सगळ्या जगाची मिळून एकच यादी होती, ती कॅलिफोर्नियातील एका संस्थेत ठेवलेली असे. संगणक वाढले तशी ती यादी आवरेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी वाटणीची पद्धत आखली : वरच्याने फक्त आपल्या खालच्यांची नोंद ठेवायची, त्याने त्याच्या खालच्यांची. जिल्ह्याने तालुक्यांची, तालुक्याने गावांची, तसेच.

आपण पाकिटावर पत्ता कसा लिहितो? आधी माणूस, मग मुक्काम पोस्ट, मग तालुका, शेवटी जिल्हा. पण पोस्टात टपाल वेगळे करणारा माणूस पहिल्यांदा काय पाहतो? शेवटची ओळ. जिल्हा आधी, मग तालुका, माणसाचे नाव सर्वांत शेवटी. इंटरनेटचा पत्ताही तसाच उजवीकडून वाचायचा. 'इन' म्हणजे भारताचे आवार. त्याच्या डावीकडे 'बँक' म्हणजे भारतातील बँकांचे आवार. त्याच्या डावीकडे बँकेचे स्वतःचे नाव. आपण मात्र डावीकडून वाचतो, ओळखीचे नाव दिसले की पुढचे वाचतच नाही. भामट्याची सगळी मदार आपल्या या सवयीवर असते.

समजा, तुमच्या बँकेचे नाव 'अमुक'. खरा पत्ता 'अमुक.बँक.इन'. आता 'अमुक-बँक.इन' पाहा. मध्ये टिंबाऐवजी आडवी रेघ आहे, म्हणजे हे 'बँक.इन'च्या आवारातले नावच नव्हे, साधे '.इन'चे नाव, कोणीही घेतलेले. 'अमुकबँक.इन' हेही तसेच, मधले टिंबच नाही. एखाद्या बँकेचा जुना पत्ता खरोखर असा असू शकतो, पण नव्या पद्धतीची हमी त्याला नाही. यापेक्षा कावेबाज प्रकार म्हणजे 'अमुक.बँक.इन.खाते-तपासणी.कॉम'. यात खरा पत्ता अक्षर न् अक्षर आहे, पण शेपूट दुसऱ्याचे. कोणी आपल्या घराला 'मुंबई' असे नाव दिले म्हणून घर काही मुंबईत जात नाही. चौथा प्रकार 'खाते-तपासणी.कॉम/अमुक.बँक.इन'. येथे 'बँक.इन' अगदी शेवटी आहे, म्हणून उजवीकडून वाचणाराही फसेल. म्हणून पत्त्यात पहिली एकटी तिरकी रेघ कोठे येते ते शोधावे (सुरुवातीला दोन तिरक्या रेघा जोडून असतात, त्या सोडून द्याव्यात) आणि तिच्या उजवीकडचे सगळे बोटाने झाकावे. उरलेल्याचा शेवट 'टिंब बँक टिंब इन' असाच हवा.

बरेच जण म्हणतात, "पण तिथं कुलपाचं चित्र होतं की!" कुलूप एवढेच सांगते की तुमचे बोलणे मधल्यामध्ये कोणी ऐकत नाही. समोर बोलणारा साव की चोर, हे ते सांगत नाही. चोरालाही कुलूप मिळते, अन् तेही फुकट.

जुन्या पत्त्यांचे काय? जुना पत्ता टाकला तर बँक तुम्हाला आपोआप नव्यावर नेते, दुकान हलल्यावर जुन्या जागी बाण काढून ठेवतात तसे. मात्र बँकांनी जुनी नावे वर्षानुवर्षे पैसे भरून आपल्याकडेच ठेवायला हवीत, असे आमचे मत आहे. सोडून दिलेले नाव उद्या दुसरा कोणीही घेऊ शकतो, आणि जुन्या पासबुकांवर व कॅलेंडरांवर तोच पत्ता छापलेला असतो. आपल्यापैकी जे जिल्हा बँकेचे किंवा नागरी बँकेचे सभासद आहेत त्यांनी तेथील वार्षिक सभेत हा प्रश्न जरूर विचारावा.

नाव बदलण्याचा असाच एक प्रसंग २०२४ साली येऊन गेला. पेटीएम पेमेंट्स बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध आणल्यावर ज्यांचा यूपीआयचा पत्ता '@पेटीएम' असा संपत होता त्यांना '@पीटीएसबीआय', '@पीटीएचडीएफसी', '@पीटीअॅक्सिस', '@पीटीयेस' या नव्या पत्त्यांवर नेले गेले. तेथेही पाठीशी कोणती बँक उभी आहे ते उजवे टोकच सांगते. फरक असा की त्या वेळी ग्राहकाला अॅपमध्ये संमती द्यावी लागत होती. 'बँक.इन'मध्ये तेही नाही.

हे सगळे सांगितल्यावर एक कबूल केले पाहिजे. नवे नाव फक्त खोटी पाटी ओळखायला उपयोगी पडते. फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणाऱ्यापुढे त्याचा काही उपयोग नाही. व्हॉट्सअॅपवर 'ऊस बिल यादी' म्हणून आलेल्या फाईलपुढेही नाही. तिच्या नावाच्या शेवटी ए-पी-के अशी अक्षरे असली तर ती यादी नसून अॅप असते, आणि ते तुमचे मेसेज परस्पर वाचू शकते. फोनबाबत रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२५ मध्ये बँकांना सांगितले की व्यवहारासंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरूनच करावेत. दहा आकडी साध्या मोबाईलवरून "बँकेतून बोलतोय" म्हणणाऱ्याला त्यामुळे सरळ सांगता येते, "शाखेत येतो, तिथंच बोलू."

आणि हंगामात जास्त जपायचे ते का, तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, हे आपल्याइतकेच त्यांनाही माहीत आहे. (ते १४ दिवस कसे पाळले जातात यावर सभेत बोलणे होतेच, येथे नको.) पैसे कधी येणार याचा अंदाज असणाऱ्याला मेसेज कधी सोडायचा ते शिकवावे लागत नाही.

आपला कारखाना बिलासाठी लिंक पाठवत नाही. खाते बदलायचे असेल तर गट कार्यालयात अर्ज, सोबत पासबुकाची झेरॉक्स, आणि सभासदाची समक्ष सही, हीच पद्धत आहे व तीच राहील. चुकून कोठे माहिती दिली गेली असेल तर घरच्यांना काय वाटेल याचा विचार करत बसू नये. त्याच मिनिटाला १९३० हा क्रमांक फिरवावा आणि मग शाखेत जावे. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा देशभरचा क्रमांक आहे. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्यापूर्वी तक्रार पोहोचली तर रक्कम तेथेच रोखता येते.

ज्या बँकांत आपल्या सभासदांची बिले जमा होतात त्यांचे नवे पत्ते प्रत्येक शाखेतून खात्री करून घेऊन आम्ही मोठ्या अक्षरांत लिहिले आहेत. तो कागद सर्व गट कार्यालयांत, काट्याजवळच्या फलकावर आणि शेतकी विभागाच्या दारावर लावला आहे. आपल्या बँकेचे नाव त्यात नसेल तर येताना पासबुक घेऊन या, शेतकी विभागातील लेखनिक तुमच्यासमोर शाखेत फोन लावून विचारतील.