आवाज वाईट नाही, पट्टी वेगळी आहे



बैठक संपली, हिशेबाची वही मिटली, की आपण म्हणतो, "चला गं, एखादं गाणं होऊ द्या." तेव्हा निम्म्या जणी मान खाली घालतात. "मला गाण्यातलं काही कळत नाही बाई." भजनाला पेटी आली की आणखी एक वाक्य ऐकू येतं, "माझा आवाज चढत नाही." ही दोन्ही वाक्यं खरी नाहीत. कशी, ते आज सांगते.

आधी संगीत म्हणजे काय ते बघू. तेराव्या शतकात देवगिरीच्या, म्हणजे आजच्या दौलताबादच्या, यादवांच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचे पंडित होते. त्यांनी 'संगीतरत्नाकर' हा मोठा ग्रंथ लिहिला. गाणं, वाजवणं आणि नाचणं या तिन्हींना मिळून संगीत म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. मग पंचमीला आपण गाणं म्हणत, टाळ्या देत फेर धरतो, तेही संगीतच झालं की.

आता आवाजाचे तीन गुण. पहिला म्हणजे उंची. नळाखाली हंडा लावा आणि पाठ करून उभ्या राहा. हंडा भरत आला हे न बघताच कळतं. आतली मोकळी जागा कमी होते, तसा आवाज वर वर चढत जातो. ही आवाजाची उंची. दुसरा गुण म्हणजे लहान-मोठेपणा. डासाची गुणगुण उंच असते, पण लहान असते. म्हशीचं ओरडणं मोठं असतं, पण खालचं असतं. म्हणजे उंच गाणं वेगळं आणि जोरात गाणं वेगळं. तिसरा गुण म्हणजे आवाजाची जात. दाराआडून हाक आली तरी कोणाची ते आपण ओळखतो. संबळ आणि हलगी न बघता वेगळी सांगतो. ती या गुणामुळे.

उंचीच्या ठरलेल्या पायऱ्या म्हणजे स्वर. सा, रे, ग, म, प, ध, नी हे सात स्वर. त्यांतले रे, ग, ध, नी थोडे खाली उतरवले की त्यांना कोमल म्हणतात. म थोडा वर नेला की तीव्र म. असे एकूण बारा स्वर होतात. सा आणि प आपल्या जागेवरून हलत नाहीत. सात स्वरांच्या गटाला सप्तक म्हणतात. खालचं ते मंद्र, मधलं मध्य आणि वरचं तार.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिला 'सा' कुठे धरायचा? तो ज्याने त्याने आपल्या गळ्याप्रमाणे धरायचा असतो. पेटीवरच्या ज्या जागेला आपण 'सा' मानतो, ती आपली पट्टी. पुरुषांची पट्टी बहुधा काळी एकच्या आसपास असते, बायकांची काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास. गावच्या भजनात पेटी बहुधा पुरुषांच्या पट्टीत लागते. मग आपण खालून गावं तर आवाज निघत नाही, वरून गावं तर चिरकतो. दोष आपण आपल्या गळ्याला देतो.

आमच्या एका गटातल्या काकू भजनात नुसते ओठ हलवायच्या. एका एकादशीला पेटीवाल्या भाऊंनी पट्टी बदलली आणि काकूंचा आवाज देवळाबाहेर ऐकू आला. गळा तोच होता. तेव्हा लाजू नका. "भाऊ, या पट्टीत जमत नाही, काळी चार देऊन बघा," एवढं म्हणता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट लय. लय म्हणजे गाण्याची चाल-गती. संथ ती विलंबित, मधली मध्य, भरभर ती द्रुत. भजन संथ सुरू होतं आणि शेवटी द्रुत होतं, हे आपण रोज ऐकतो. मध्येच कोणी घाई केली, तर "लय पळते आहे, धरा," असं सांगायचं.

ही लय सारख्या अंतराने मोजली की एकेक मोजणी म्हणजे मात्रा. ठरावीक मात्रांचा फेरा म्हणजे ताल. दादरा सहा मात्रांचा. मोजा: एक-दोन-तीन, चार-पाच-सहा. एकवर टाळी द्या, चारवर हात मोकळा बाजूला न्या. केरवा आठ मात्रांचा. त्यात एकवर टाळी, पाचवर हात मोकळा. मोकळ्या जागेला खाली किंवा काल म्हणतात. फेऱ्याची पहिली मात्रा ती सम. सगळ्या जणी समेवर एकत्र आल्या की गाणं बसलं. पाळणा म्हणताना झोक्याबरोबर मोजून बघा. ताल हाताला आधीपासून येतो, फक्त नाव ठाऊक नसतं.

तिसरी गोष्ट चाल. शब्द कोणत्या स्वरांवरून, कसे वळत जातात ती चाल. जी ओळ फिरून फिरून येते ते ध्रुपद. बाकीची ती कडवी.

जात्यावरच्या ओवीत हे सगळं आहे. तिथे मृदंग नसतो, जात्याचा फेराच लय धरतो. आणि ही परंपरा किती जुनी? ११२९ सालच्या 'मानसोल्लास' या ग्रंथात, महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९६ साली आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायिलेल्या ओव्या त्यांत आहेत. त्या ध्वनिमुद्रित केल्या म्हणून आजही ऐकता येतात. ज्या ओव्या नुसत्या कागदावर उतरल्या, त्यांचे शब्द राहिले, चाल गेली.

गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं. ज्यांना चाली येतात त्या आज्या, मावश्या आता थकल्या आहेत. तेव्हा पुढच्या बैठकीला एक काम करू. गटातल्या सगळ्यांत वडील बाईंना बोलवा. त्यांना विचारून मोबाईलवर दोन ओव्या मुद्रित करा. पेटी नको, ताल नको. त्यांच्या पट्टीत, त्यांच्या लयीत गाऊ द्या. आधी त्यांचं नाव, गाव आणि ओवी कोणाकडून शिकल्या ते त्यांच्याच तोंडून घ्या. जातं घरात असेल तर मूठभर ज्वारी टाकून फिरवायला सांगा, लय आपोआप येईल. उसाला जाणाऱ्या घरांनी हे दसऱ्याच्या आधीच उरकावं.

आणि "मला गाण्यातलं कळत नाही" असं पुन्हा कोणी म्हणालं, तर तिला आधी हंडा भरायला लावा.